तपेलीतला आवाज

"शब्द ऐकू येत नाहीत," मी म्हणालो.

"नाही येत तेच बरं आहे," शलाका म्हणाली आणि तिने गिटारची तार पुन्हा छेडली.

आम्ही तिघे सांगलीतल्या शेटे मंगल कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत बसलो होतो. कार्यालय माझ्या वडिलांचं, म्हणजे अण्णांचं. चातुर्मास लागला होता, लग्नं बंद होती, आणि वऱ्हाडाच्या चाळीसेक गाद्या भिंतींना उभ्या टेकवून आम्ही त्या खोलीचा स्टुडिओ केला होता. गाद्यांना अत्तराचा, घामाचा आणि कुठल्यातरी लग्नात सांडलेल्या मठ्ठ्याचा वास येत होता. त्या वासात आम्ही महाराष्ट्राला हादरवून सोडणारा आमचा पहिला अल्बम करत होतो. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो. ही गोष्ट दोन हजार अकराची. मी पंचवीस वर्षांचा होतो, आणि त्या वयात महाराष्ट्र हादरायला फारसं काही लागत नाही असं वाटतं.

चाली शलाकाच्या आणि गायचीही तीच. शलाका मगदूम फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला होती. तिच्या चाली इतक्या गोड की एकदा कानावर पडल्या की दिवसभर तोंडात घोळायच्या. तिच्या गिटारला तौफीकने बनवलेली एक पेटी जोडलेली असायची. पायाने कळ दाबली की गिटारचा स्वच्छ आवाज खरखरीत, धुरकट होऊन जायचा. तौफीक मिरजेचा, त्याच्या घरी चार पिढ्या तंबोरे बनत आले होते. चार पिढ्यांनी आवाज स्वच्छ करण्यात जन्म घालवला आणि हा पठ्ठ्या तो मुद्दाम बिघडवायच्या पेट्या बनवत होता. त्याच्या आजोबांनी एकदा ती पेटी लक्ष देऊन ऐकली आणि "होईल दुरुस्त" एवढंच म्हणाले.

शब्द माझे. शब्द काळोखी होते. प्रसन्न नावाच्या माणसाला काळोखाची ओढ जरा जास्तच असते. नऊ गाण्यांत मिळून अकरा माणसं मरत होती, हे तौफीकने एकदा बोटांवर मोजून दाखवलं होतं. शलाकाचं म्हणणं, एक तरी गाणं असं लिही की त्यात शेवटपर्यंत सगळे जिवंत राहतील. मी तिला म्हणायचो, अशी गाणी औषध कंपन्या करतात.

त्या दिवशीचं भांडण 'जिलेबी' या गाण्यावरून होतं. अल्बममधलं सगळ्यात गोड, सगळ्यात उडतं आणि माझ्या मते सगळ्यात भयंकर गाणं. त्याचं धृपद असं होतं:

*एक घ्या, दोन घ्या, संकोच नको,*
*फोन काढून ठेवलाय, काळजी नको.*
*कुणी गेलं तर उद्या रडू,*
*आज पाहुण्यांना जिलेबी वाढू.*

शब्द ऐकू येत नव्हते याला कारणही मीच होतो. शलाकाचा आवाज फारच गोड लागत होता, म्हणून मी एक युक्ती काढली होती. तिचं रेकॉर्ड केलेलं गाणं मोबाइलवर लावायचं, तो मोबाइल पितळेच्या तपेलीत ठेवायचा आणि तपेलीच्या तोंडाशी माइक धरायचा. आवाज पितळेत घुमून लांबून, टेलिफोनवरून आल्यासारखा व्हायचा. तौफीक त्या आवाजावर इतका खूश होता की त्याने तपेलीला वाद्यांच्या यादीत घेतलं होतं.

"तपेली तूच आणलीस," शलाका म्हणाली. "आता शब्द ऐकू येत नाहीत म्हणून तूच रडतोस. नक्की कुणी ऐकायला हवंय तुला?"

मी उत्तर देणार तेवढ्यात दार उघडून अण्णा आत आले. पांढरा पायजमा, पांढरा सदरा, खिशाला कार्यालयाच्या किल्ल्या. लग्नाच्या हंगामात सबंध वर्षाचं हसून घेतल्यामुळे की काय, चातुर्मासात ते फार कमी बोलत. इतकी वर्षं बँडवाल्यांच्या शेजारी उभं राहून त्यांचा डावा कान जवळजवळ गेला होता. ऐकायचं असलं की ते उजवा कान पुढे करत.

"कल्हईवाला आलाय," ते म्हणाले. "पितळेची भांडी लावायलोय, तर एक तपेली कमी भरायलीय."

मग त्यांना ती दिसली. आत मोबाइल, तोंडाशी माइक, आणि आतून शलाका गात होती. ते जवळ आले. खाली वाकून त्यांनी उजवा कान तपेलीला लावला आणि धृपद दोनदा होईपर्यंत तसेच राहिले.

"ही युक्ती कुणाची?" त्यांनी विचारलं.

"माझीच. लहानपणी फोनचा रिसीव्हर असाच ठेवायचो ना मी तपेलीत? वेळ सांगणाऱ्या बाईचा आवाज मोठा यायचा."

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. "आठवतंय तुला?"

"न आठवायला काय झालं?"

"असू दे," ते म्हणाले. " हिची कल्हई पुढच्या वर्षी करू." आणि गेले.

ते पळून गेले असं मी मनात म्हटलं. आणि शलाकाच्या प्रश्नाचं उत्तरही तेच होतं. सबंध महाराष्ट्र वगैरे ठीक आहे, पण मला ते गाणं एका माणसाला ऐकवायचं होतं.

त्याचं असं झालं होतं. मी दहा वर्षांचा असताना आई तीन आठवडे मिरजेला दवाखान्यात होती. एके दिवशी कार्यालयात मोठं लग्न होतं. अण्णांनी सकाळी मला सांगितलं होतं, चार वाजता पंगती उठल्या की आपण आईकडे जाऊ. मला नवा सदरा घालून गुलाबदाणी हातात दिली आणि पाहुण्यांवर गुलाबपाणी शिंपडायला दारात उभं केलं. अकराच्या सुमाराला आईची तब्येत एकदम बिघडली. तिच्याजवळ तिचा धाकटा भाऊ, माझा सदामामा, एकटाच होता. तो दवाखान्यातून कार्यालयात फोन करत राहिला आणि फोन सारखा एंगेज लागत राहिला. एक वाजता आई गेली. मग मामा दवाखान्यातलं उरकून स्कूटरवरून सांगलीला आला, तेव्हा अडीच वाजले होते आणि अण्णा पंगतीत जिलेबी वाढत होते. मामाने त्यांच्या कानात सांगितलं. अण्णांनी ती रांग पुरी केली. "एक घ्या, संकोच करू नका," म्हणत ते शेवटच्या पानापर्यंत गेले आणि मग ताट खाली ठेवलं.

रिसीव्हर ऑफिसात काढून ठेवलेला होता. मामाने तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. लग्नात विघ्न नको म्हणून या माणसाने फोन काढून ठेवला, नाहीतर बापलेकांना तिचं तोंड दिसलं असतं, हे वाक्य मी मामाच्या घरी दर सुट्टीत ऐकलं. पहिल्यांदा ते मामीला उद्देशून असायचं, मी मोठा झालो तसं ते मला उद्देशून व्हायला लागलं. पुढे मामाने अण्णांशी बोलणंच सोडलं. अण्णांना विचारायची माझी छाती कधी झाली नाही. पंधरा वर्षं एकाच घरात आम्ही जेवलो, मॅचेस पाहिल्या, गणपती बसवले, पण तो दिवस मध्ये आला की दोघेही उठून काहीतरी कामाला लागायचो.

म्हणून मी गाणं लिहिलं. मला एवढंच हवं होतं की अण्णांनी ते ऐकावं आणि एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावं, हो, मी ठेवला होता. त्यानंतर पुण्याला जायचं आणि या कार्यालयाच्या पायरीवर परत पाऊल ठेवायचं नाही, असा माझा बेत होता. पुण्यात एका मित्राची खोलीही पाहून ठेवली होती.

पण गाण्याचे बेत वेगळे होते. आमच्या कार्यालयात नेहमी वाजवणारी एक बँजो पार्टी होती. चातुर्मासात त्यांनाही काम नसायचं, त्यामुळे ते मागच्या अंगणात तालमी करत. आमच्या खोलीची खिडकी त्या अंगणात उघडायची. गणपतीच्या मिरवणुकीत मी पाहतो तो काय, ट्रॉलीवर तीच पार्टी आणि बँजोवर 'जिलेबी'. पुढे दोनेकशे माणसं नाचत होती. त्यांनी एक नाचाचा हातही बसवला होता: डाव्या हातात ताट धरल्यासारखं करायचं आणि उजव्या हाताने वाढत पुढे सरकायचं. माझ्या आईच्या मरणावर सबंध पेठ वाढप्यासारखी नाचत होती.

मी मंडळाच्या अध्यक्षांना गाठलं आणि सांगितलं की हे गाणं माझं आहे. त्यांनी मला मिठी मारली. मी सांगितलं की ते मृत्यूवर आहे.

"असू दे की," अध्यक्ष म्हणाले. "वाजायलंय चांगलं."

तेव्हा मी ठरवलं की अल्बमबरोबर शब्द छापून द्यायचे. आमच्याकडे पुस्तिका छापायचा अनुभव असलेला छापखाना एकच होता, आणि तो लग्नपत्रिका छापायचा. म्हणून पुस्तिका पत्रिकेसारखीच करायची असं तौफीकने सुचवलं: पिवळसर जाड कागद, वर कुंकवाच्या रंगाची नक्षी, आणि अल्बमचं नाव 'अगत्य येण्याचे करावे'. आत नऊ गाणी आणि अकरा मरणं. शेवटच्या पानावर मी एक छोटं मनोगत लिहिलं, त्यात तपेलीची युक्ती कुठून आली ते सांगितलं. काही झालं तरी पहिला अल्बम होता, आपलं बालपण लोकांना कळायला हवं असं मला फार वाटत होतं.

छापायला द्यायच्या आधी मी मजकूर अण्णांच्या टेबलावर ठेवला. सांगलीतल्या अर्ध्या पत्रिका छापायला जाण्याआधी अण्णांच्या नजरेखालून जायच्या. कुणाचे आजोबा राहिलेत, कुठल्या काकांचं नाव खाली गेलंय, हे त्यांना एका नजरेत दिसायचं. लोक त्यासाठी मुद्दाम येत. मी दोन दिवस घरात मुद्दाम त्यांच्या समोरून फिरत राहिलो. तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद परत दिले.

"वाचलं?" मी विचारलं.

"वाचलं. सगळं वाचलं."

"मग?"

"आहेराबद्दल काही लिहिलेलं नाहीस. 'आपली उपस्थिती हाच आहेर' असं घाल, नाहीतर लोक भांडी घेऊन येतील."

एवढंच. 'जिलेबी'च्या पानावर पेन्सिलीची खूणसुद्धा नव्हती. मनोगताच्या पानाचा कोपरा मात्र किंचित दुमडला होता. मला इतका संताप आला की मी रात्रीचं जेवलोही नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

पुस्तिका छापून हातात येईपर्यंत पितृपक्ष लागणार होता. त्यातला रविवार मी अण्णांना विचारला.

"पितृपक्षात शुभकार्य करत नाहीत," अण्णा म्हणाले.

"आमचा अल्बम शुभ नाहीये, अण्णा."

त्यांनी विचार केला. "मग हरकत नाही. जेवणात काय ठेवायचं?"

मी म्हटलं, जेवण कशाला, चहा पुरे. अण्णांना ते पटलं नाही. त्यांच्या कार्यालयातून माणूस उपाशी गेल्याचं उदाहरण नव्हतं. आणि पत्रिकेतच जिलेबी आहे म्हटल्यावर जिलेबी तर करावीच लागणार, असं ते अगदी गंभीरपणे म्हणाले. हा टोमणा आहे की नुसताच हिशेबीपणा आहे हे मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळेना.

मी मामालाही बोलावलं. या, आज ते ऐकणार आहेत, असं सांगितलं. मामा पंधरा वर्षांनी कार्यालयात आला, इस्त्रीचा शर्ट घालून, आणि मागच्या रांगेत हाताची घडी घालून बसला.

सकाळी अकराला सुरुवात झाली. संगीताचे दर्दी म्हणावेत असे चौदा जण होते, त्यांतले सहा तौफीकचे नातेवाईक. उरलेले दीडशे लोक अण्णांचे. त्यांना पत्रिका मिळाली होती आणि पत्रिका मिळाली की ते येत, ही त्यांची अनेक वर्षांची सवय होती. दोन आजीबाई नवरी कुठाय असं विचारत होत्या. पुण्याहून एक समीक्षकही आला होता, निनाद बेहेरे नावाचा. तो इंटरनेटवर लिहायचा आणि काळ्या कुर्त्यावर काळी शबनम लावायचा. त्याला आम्ही वरपित्यासारखं स्टेशनवरून आणलं होतं.

आम्ही नऊच्या नऊ गाणी वाजवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, विहिरीत उडी मारलेल्या शिक्षकाच्या गाण्याला तर ठेका धरला. शेवटी 'जिलेबी'. पहिल्या सुरालाच मागून शिट्ट्या आल्या. मंडळाचे अध्यक्ष उठून वाढायला लागले, त्यांच्या मागे बाकीचे. आजीबाईंना नवरीचा विसर पडला. मी शलाकाच्या शेजारी उभा राहून फक्त पहिल्या रांगेकडे बघत होतो. अण्णा उजवा कान पुढे करून बसले होते आणि गाणं संपेपर्यंत त्यांनी मान हलवली नाही.

मग बेहेरे माइकवर आला. त्याने सांगितलं की या अल्बममध्ये गोडवा हे हिंसेचं माध्यम आहे, आणि जिलेबीचा वेटोळा आकार हा स्मृतीचा आकार आहे. मागून कुणीतरी पानं मांडल्याचा आवाज आला आणि सभेची मान तिकडे वळली.

"शेवटचा प्रश्न," बेहेरे म्हणाला, "कवीच्या वडिलांना. पुस्तिकेत लिहिलंय की हे कार्यालय तुमचं. गाण्यातला तो काढून ठेवलेला फोन हे रूपक आहे, की तसं खरंच घडलं होतं?"

मागे मामाने हाताची घडी सोडली. अण्णांना प्रश्न नीट ऐकू गेला नव्हता. शेजारच्या माणसाने तो त्यांच्या उजव्या कानात परत सांगितला. ते उभे राहिले, किल्ल्या वाजल्या.

"घडलं होतं," ते म्हणाले. "मीच ठेवला होता काढून. आता सगळ्यांनी जेवायला चला, पानं मांडलीत."

बेहेरेने जोरात टाळ्या वाजवल्या. त्याला हा कार्यक्रमाचाच भाग वाटला. लोक जेवायला उठले. मी स्टेजवर उभा होतो. पंधरा वर्षं जे ऐकायचं होतं ते मी ऐकलं होतं, दीडशे साक्षीदारांसमोर. मला वाटलं होतं की काहीतरी सुटेल. पण मला नुसतं ओशाळल्यासारखं झालं, आणि तौफीक वायर गुंडाळत होता त्याला मी मदत करायला लागलो.

"जेवून घे, पशा," तौफीक म्हणाला. "गाणं झालं की तुझं."

मी मामाच्या शेजारच्या पाटावर जाऊन बसलो. मामाचा चेहरा खुलला होता. कबूल तरी केलं माणसाने, असं तो दोनदा म्हणाला. वाढप यायला वेळ होता, म्हणून त्याने चष्मा लावून पुस्तिका चाळायला घेतली. गाण्यांची पानं त्याने भराभर उलटली आणि मनोगतावर थांबला. ते तो ओठ हलवत वाचत होता.

"हे तपेलीचं काय आहे?" त्याने विचारलं.

मी जरा कौतुकानेच सांगितलं. लहानपणी एका नंबरावर फोन लावला की एक बाई वेळ सांगायची. मला ती फार आवडायची. आईची पितळी तपेली ऑफिसात न्यायची, नंबर फिरवायचा, रिसीव्हर तपेलीत ठेवायचा, मग ती सबंध खोलीभर घुमायची. कधीकधी तिला तशीच बोलत ठेवून मी बाहेर खेळायला जायचो.

"कुठली तपेली?"

"ती काय, स्टेजवर आहे. तुझंच नाव आहे की तिच्यावर."

आईच्या मंगळागौरीला मामाने ती दिली होती. 'सौ. कुमुदताईस सदानंदकडून' असं काठावर कोरलेलं होतं. मामाने मान वळवून स्टेजकडे पाहिलं. माइकच्या स्टँडखाली ती पडली होती. त्याने चष्मा काढला.

"त्या दिवशी तपेलीतच होता रे," तो म्हणाला.

"काय?"

"रिसीव्हर. दाजी आणि मी ऑफिसात गेलो तेव्हा. टेबलावर ही तपेली आणि तिच्यात रिसीव्हर. मला वाटलं, कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून तपेलीत कोंबलाय. माझीच तपेली, म्हणून जास्त झोंबलं मला. मी ओरडून विचारलं, हे कुणी केलं? दाजींनी रिसीव्हर जागेवर ठेवला, तपेली उचलून घेतली आणि म्हणाले, मी."

मामा पुढेही काहीतरी बोलत होता, पण माझं लक्ष नव्हतं. मला ऑफिसातलं टेबल दिसत होतं. मी दिवसभर दारात उभा होतो हे मी मलाच इतक्या वेळा सांगितलं होतं की ते खरं झालं होतं. पण चार वाजता आईकडे जायचं होतं. चार कधी वाजतात ते बघायला मी आत गेलो होतो, गुलाबदाणी टेबलावर ठेवली होती, आणि बाई म्हणाली होती, दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटं. चार वाजायला फार वेळ होता. तिला मी बोलत ठेवली, कारण थोड्या वेळाने येऊन परत ऐकायचं होतं. मग मला कुणीतरी दारात बोलावलं.

त्या दुपारी अण्णा ऑफिसातून बाहेर आले आणि माझ्यापुढे उकिडवे बसले ते मला आठवलं. त्यांनी मला जवळ घेतलं होतं आणि त्यांच्या दुसऱ्या हातात ती तपेली होती. ती त्यांच्या हातात का आहे, हे मला कधीच विचारावंसं वाटलं नव्हतं.

"मला सांगायचं तरी," मामा म्हणाला. "पंधरा वर्षं मी या माणसाला काय काय बोललो. एकदा तरी सांगायचं."

"तुला सांगितलं असतं तर मला कळलं असतं," मी म्हणालो.

अण्णा जिलेबीचं ताट घेऊन पंगतीत उतरले होते. आजीबाईंना आग्रह करत, अध्यक्षांच्या पानावर तीन टाकत, बेहेरेला पाकात हात बरबटवू नका म्हणून सांगत ते एकेक पान पुढे येत होते. हंगामातलं हसू त्यांच्या चेहऱ्यावर होतं. ते हसू मी लहानपणापासून ओळखत होतो आणि त्याचा मला राग यायचा. नऊ गाणी मी त्या हसण्याच्या विरुद्ध लिहिली होती. ते मामाच्या पानापाशी आले. मामाने हात जोडले. अण्णांनी दोन जिलेब्या वाढल्या.

"सदानंद, मठ्ठा घ्या," ते म्हणाले. "बऱ्याच दिवसांनी आलात."

मग ते माझ्यापुढे वाकले. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि मला ते थांबवता येत नव्हतं.

"अण्णा," मी म्हणालो, "तो फोन मी ठेवला होता. मी."

अण्णा तसेच वाकलेले राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मग सावकाश मान वळवून त्यांनी डावा कान माझ्याकडे केला.

"ऐकू येत नाही रे मला या गर्दीत," ते म्हणाले. "एक घे. संकोच करू नको."

त्यांनी माझ्या पानावर जिलेबी ठेवली, पाठीवरून एकदा हात फिरवला आणि पुढच्या पानाकडे सरकले. मी त्यांच्या पाठमोऱ्या सदऱ्याकडे बघत बसलो. सगळ्यांना विचारत, सगळ्यांना हसून वाढत ते शेवटच्या पानापर्यंत गेले आणि मग ताट खाली ठेवलं.